जिम्नॅस्टिक्स स्पर्धा मुलांच्या वेळेने चालाव्यात

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्याजिल्ह्यांतून जिम्नॅस्टिक्स स्पर्धांच्या बातम्या येऊ लागतात. उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, व्यासपीठावर कोण कोण उपस्थित होते, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, हे त्यांत सविस्तर असते. विजेत्यांची नावे शेवटच्या दोन ओळींत येतात आणि कोणाला किती गुण मिळाले हे तर जवळजवळ कधीच छापून येत नाही. याचा दोष मी बातमीदारांना देणार नाही, कारण स्पर्धाच त्या क्रमाने भरवली जाते. शाळेत क्रीडाशिक्षिका असताना मी मुलींचे संघ घेऊन अशा स्पर्धांना गेले, काही स्पर्धांच्या संयोजनात काम केले आणि आता निवृत्तीनंतर प्रेक्षक म्हणून जाते. यंदा ज्या शाळा, व्यायामशाळा किंवा जिल्हा संघटना अशी स्पर्धा भरवणार आहेत, त्यांच्यापर्यंत काही गोष्टी पोहोचाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी एक साधा हिशेब मांडते. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये मुलींना चार साधनांवर खेळावे लागते: टेबल व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी), अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन दांडे), बॅलन्सिंग बीम (तोल सांभाळायची अरुंद तुळई) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती). बीम आणि फ्लोअरवरील रचनेला जास्तीत जास्त ९० सेकंद मिळतात, बारवरची रचना त्याहून आखूड असते आणि व्हॉल्टची उडी धावेसकट काही सेकंदांत संपते. म्हणजे सकाळी सात वाजता सभागृहावर आलेली आणि संध्याकाळी पदकवाटप होईपर्यंत थांबलेली मुलगी प्रत्यक्षात पाच मिनिटेसुद्धा खेळत नाही. मुलांची साधने सहा आहेत, तरी त्यांचा हिशेब याहून फार वेगळा निघत नाही. कबड्डीत बाद झालेला खेळाडू संघाने गडी टिपला की पुन्हा मैदानात येतो, खो-खोत पहिल्या डावात लवकर बाद झालेल्याला दुसरा डाव मिळतो. बीमवरून पडलेल्या मुलीला मात्र पुन्हा चढायला दहा सेकंद मिळतात आणि पडल्याचा एक पूर्ण गुण गमावूनच ती पुढे जाते. वर्षभराच्या सरावाचा निकाल एवढ्याशा वेळात लागत असेल, तर त्या पाच मिनिटांच्या मागचे-पुढचे आठ-दहा तास कसे जातात याची जबाबदारी यजमानांची आहे, आणि स्पर्धा मुलांच्या लक्षात कशी राहणार हेही माझ्या मते त्याच तासांत ठरते.

या तासांची सगळ्यांत मोठी नासाडी उद्घाटनात होते. नऊची वेळ दिलेली असते, म्हणून प्रशिक्षक आठ वाजल्यापासून मुलांकडून वॉर्म-अप करून घेतात. मग पाहुणे ‘निघाले आहेत’ अशी घोषणा होते, मुले संचलनासाठी रांगेत उभी राहतात, लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा, पाय उघडे ठेवणारा पोशाख) घातलेल्या मुली गार फरशीवर बसून राहतात, आणि दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक व तीन-चार भाषणे होऊन पहिले रोटेशन (गटांची साधनांवरील पहिली फेरी) सुरू होईपर्यंत अकरा-साडेअकरा वाजलेले असतात. वॉर्म-अपने शरीरात आणलेली ऊब बसून राहिल्यावर थोड्याच वेळात उतरू लागते. थंड पडलेल्या मांडीच्या मागच्या स्नायूंनिशी एखादी तेरा वर्षांची मुलगी स्प्लिट लीप (पाय पुढे-मागे पूर्ण फाकवून उडी) घेते तेव्हा स्नायू ताणला जाण्याची किंवा फाटण्याची शक्यता वाढते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. कोणताही प्रशिक्षक सांगेल. त्याहून वाईट असे की, उद्घाटनात गेलेला वेळ भरून काढण्यासाठी कात्री लागते ती साधनावरील वॉर्म-अपला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या संघ आणि वैयक्तिक सर्वसाधारण (सर्व साधनांचे गुण मिळून ठरणाऱ्या) फेऱ्यांत प्रत्येक साधनावर खेळण्यापूर्वी खेळाडूला ३० सेकंद, आणि मुलींच्या अनइव्हन व मुलांच्या पॅरलल (समांतर) बारवर ५० सेकंद, सरावासाठी मिळतात. बारवर वेळ जास्त आहे तो पकड, हाताला लावायची चॉकची भुकटी आणि बारचे अंतर जुळवून घ्यावे लागते म्हणून. आपल्याकडे एका स्पर्धेत हा वेळ पूर्णपणे रद्द केल्याचे ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाले आणि त्यानंतर लगेच एका मान्यवरांचा राहून गेलेला सत्कार झाला. त्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण हा प्रकार एकाच संस्थेपुरता नाही.

उपाय अवघड नाही. उद्घाटन असावेच असे वाटत असेल तर ते दुपारच्या सत्राच्या शेवटी, पदकवाटपाला जोडून करावे. पाहुण्यांना मुलांच्या हातात पदके देण्याचा मान मिळतो आणि ते उशिरा आले तरी कोणाचे स्नायू आखडत नाहीत. स्पर्धेचे वेळापत्रक मात्र तुकड्यांचे करावे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील सर्व गटांना सकाळी सातला बोलावण्याऐवजी प्रत्येक तुकडीला सभागृहात प्रवेश, वॉर्म-अप, पहिले रोटेशन आणि निकाल या चार वेळा आठवडाभर आधी लेखी कळवाव्यात. दुपारी दोनला ज्यांची पाळी आहे त्या मुली सकाळची शाळा करून, घरी नीट जेवून येऊ शकतात. बाहेरगावच्या संघाला पहाटेची एसटी पकडावी लागत नाही. साधने एकाच वेळी चालू ठेवून गट फिरवले तर दिवस कितीतरी आटोपशीर होतो, त्यासाठी पंच थोडे जास्त लागतात एवढेच. जाहीर केलेली वेळ चुकणार असेल तर ती किती चुकणार हे दर अर्ध्या तासाला स्पष्ट सांगावे, म्हणजे प्रशिक्षकाला वॉर्म-अप केव्हा पुन्हा सुरू करायचा हे ठरवता येते.

दुसरी गोष्ट साधनांची. बीमची लांबी ५ मीटर, रुंदी १० सेंटिमीटर आणि उंची १२५ सेंटिमीटर हे आकडे आमच्या मुलांना पाठ असतात, पण पूर्ण मापाचा बीम रोज वापरायला मिळतो अशी मुले राज्यातल्या मोजक्या शहरांतच आहेत. इतर ठिकाणी जमिनीवर आखलेल्या रेघेवर, बाकावर किंवा बुटक्या लाकडी बीमवर सराव होतो. फ्लोअरचेही तसेच आहे. १२ मीटर बाय १२ मीटरचा स्प्रिंगचा फ्लोअर ज्याने पाहिलेला नाही, गाद्यांवरच टंबलिंग (कोलांट्या-उड्या) केलेले आहे, त्या मुलाला त्यावर पहिली फ्लिक (हातांवरून मागे घेतलेली उलटी उडी) घेताना मिळणारी उसळी झेपत नाही आणि तो हद्दीबाहेर जातो किंवा तोंडावर आपटतो. अशा मुलाने आपले खरे साधन स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा पाहणे ही त्याच्यावर अन्याय करणारी गोष्ट आहे. म्हणून आदल्या दिवशी सभागृह सरावासाठी उघडे ठेवावे, आणि त्यात प्राधान्य ज्यांच्या गावी साधने नाहीत त्यांना द्यावे. यजमान शाळेच्या मुलांनी वर्षभर तीच साधने वापरलेली असतात. माझ्या अनुभवात नेमके उलटे होते: आदल्या दिवशी यजमानांचा संघ सराव करतो आणि बाहेरचे संघ मुक्कामाची जागा शोधत असतात.

साधने मांडून झाली की त्यांची मापे घ्यावीत आणि ती प्रशिक्षकांसमक्ष घ्यावीत. ही सूचना किरकोळ वाटेल, म्हणून एक उदाहरण देते. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक सर्वसाधारण अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा १२५ सेंटिमीटरऐवजी १२० सेंटिमीटरवर लावला गेला होता. पंच, तांत्रिक अधिकारी, जगभरचे कॅमेरे यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. कसलेल्या खेळाडू एकामागून एक चुकत आणि पडत गेल्या, आणि शेवटी ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलाना स्लेटर हिने उंची कमी वाटते अशी तक्रार केल्यावर टेप लावून पाहिली गेली. आधी उडी मारलेल्यांना पुन्हा उडी मारण्याची संधी देण्यात आली. पण रशियाच्या स्वेतलाना खोरकिना हिच्यासारखी जी खेळाडू त्या धक्क्यानंतर पुढच्या बारवरही पडली होती, तिला त्या संधीचा काय उपयोग? पाच सेंटिमीटरची चूक ऑलिंपिकमध्ये होऊ शकते, तर टेम्पोतून साधने आणून रात्री अकरा वाजता घाईघाईने जोडणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांकडून ती होणारच नाही असे धरून चालता येणार नाही. मुलींच्या टेबलाची उंची १२५ आणि मुलांच्या १३५ सेंटिमीटर असते. मुलांचे सत्र संपून मुलींचे सुरू होताना ती बदलावी लागते आणि नेमकी तिथेच गफलत होते. प्रत्येक सत्रापूर्वी यजमान, मुख्य पंच आणि कोणत्याही एका पाहुण्या संघाचा प्रशिक्षक यांनी मिळून उंची मोजावी व तक्त्यावर सही करावी.

मापांइतकीच गाद्यांची तपासणी महत्त्वाची आहे. उतरण्याच्या गाद्या २० सेंटिमीटर जाडीच्या असाव्यात ही अपेक्षा असते. दोन गाद्यांमध्ये फट राहिली तर घोटा त्या फटीतच मुरगळतो. बारच्या तारा जमिनीला नीट ताणलेल्या आहेत का, स्प्रिंग बोर्ड सरकतो का, चॉकची भांडी सगळ्या साधनांजवळ आहेत का, हे पाहायला एक जुना जिम्नॅस्ट दिवसभर नेमून ठेवावा. त्याला दुसरे काम देऊ नये. रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या (रिबन, चेंडू अशी साधने हाती घेऊन संगीतावर खेळण्याच्या) सत्रात आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पाच-सहा मीटरची रिबन हवेच्या साध्या झोतानेही गुंतते, त्यामुळे गालिच्यावरचे पंखे बंद हवेत आणि दारे लोटलेली हवीत. अशा वेळी सभागृहात उकाडा होतो हे खरे, म्हणूनच प्रेक्षकांच्या बाजूचे पंखे चालू राहतील अशी बटणे आधीच ओळखून ठेवावीत. खेळ सुरू असताना मध्येच कोणीतरी सगळेच पंखे लावावेत आणि बारा वर्षांच्या मुलीची रिबन तिच्याच पायात अडकावी, हे मी पाहिलेले आहे.

आता गुणांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मुलांच्या मनात कटुता राहते ती बहुधा इथे. पालकांच्या पिढीला जिम्नॅस्टिक्स म्हटले की १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमधील चौदा वर्षांची नादिया कोमानेची आणि तिचे दहापैकी दहा गुण आठवतात. तेव्हा गुणफलकावर १०.०० हा आकडा मावत नव्हता म्हणून १.०० असे झळकले होते, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र २००६ पासून ती पद्धत राहिलेली नाही. आता काठिण्याचे गुण वेगळे दिले जातात, त्यांना वरची मर्यादा नाही; सादरीकरणाचे गुण दहापासून सुरू होतात आणि लहान चुकीला ०.१, मध्यम चुकीला ०.३, मोठ्या चुकीला ०.५ आणि पडल्यास १ असे वजा होत जातात. हे माहीत नसलेल्या पालकाला आपल्या मुलीची डोळे दिपवणारी उडी दिसते आणि फलकावर दुसऱ्या मुलीचे जास्त गुण दिसतात, मग पंचांवर पक्षपाताचा आरोप होतो. हा आरोप कधी खराही असेल. पण तो खरा की खोटा हे कळण्याचा मार्गच आपण ठेवत नाही, कारण फलकावर फक्त एकूण आकडा लावला जातो. काठिण्य, सादरीकरण आणि वजावट हे तीन आकडे वेगवेगळे लावले तर निम्मी भांडणे मिटतील. त्यासाठी महागडा इलेक्ट्रॉनिक फलक लागत नाही; पांढरा फळा, मार्कर आणि सुवाच्य अक्षराचे दोन विद्यार्थी पुरतात.

हरकतीची पद्धतही पहिल्याच बैठकीत लेखी द्यावी: हरकत कशाविरुद्ध घेता येते, कोणी घ्यायची, किती वेळात घ्यायची आणि ती नोंदवली गेल्याची वेळ कोण लिहिणार. हा शेवटचा मुद्दा किती मोलाचा आहे ते पॅरिस २०२४ मध्ये दिसले. महिलांच्या फ्लोअरवरील कांस्यपदकाचा वाद, अमेरिकेच्या प्रशिक्षकांनी हरकत एका मिनिटाच्या मुदतीत घेतली की चार सेकंद उशिरा, या प्रश्नावरून थेट क्रीडा लवादापर्यंत गेला. आपल्याकडे हरकत म्हणजे पंचांच्या टेबलाभोवती जमलेला घोळका आणि चढलेले आवाज, आणि तो तमाशा बघत पुढची मुलगी बीमजवळ हात वर करून पंचांच्या इशाऱ्याची वाट पाहत उभी असते. तिचा यात काय दोष? पालकांना स्पर्धेच्या क्षेत्रात मुळीच प्रवेश नसावा. प्रशिक्षकाने मुख्य पंचांकडे एकट्याने जावे.

गुण दशांशांत मोजले जातात म्हणून ते क्षुल्लक ठरत नाहीत. रिओ २०१६ मध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकर हिने १५.०६६ गुण मिळवून व्हॉल्टमध्ये चौथा क्रमांक पटकावला, तेव्हा कांस्यपदक तिच्यापासून ०.१५० गुणांवर होते. आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धेतही तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात एवढाच फरक असतो, आणि त्या फरकावर पुढच्या विभागीय फेरीची निवड, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा दावा उभा राहतो. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याचे प्रकरण राज्यात गाजले होते. जिम्नॅस्टिक्सच्या कुटुंबातल्याच एका खेळाचे नाव त्यात यावे याचे आम्हा जुन्या शिक्षकांना फार वाईट वाटले. प्रत्येक स्पर्धेचे संपूर्ण गुणपत्रक, शेवटच्या क्रमांकापर्यंत, पंचांच्या सह्यांसह त्याच दिवशी सार्वजनिक केले, तर न झालेल्या स्पर्धेचे आणि न खेळलेल्या खेळाडूचे प्रमाणपत्र तयार करणे कितीतरी अवघड होईल. हे काम यजमानांचे आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

प्रथमोपचाराविषयी थोडक्यात: बर्फ, पट्ट्या, फळी, स्ट्रेचर, फिजिओथेरपिस्ट आणि दाराशी उभी रुग्णवाहिका एवढे हवेच, आणि अस्थिरोगतज्ज्ञ त्या दिवशी कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहेत ते आधी विचारून ठेवलेले असावे. कोपर निखळलेल्या मुलाला घेऊन रविवारी दुपारी तीन दवाखाने फिरण्याची वेळ कोणावरही येऊ नये. डोक्यावर पडलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा साधनावर चढू न देण्याचा अधिकार डॉक्टरांचा असावा, प्रशिक्षकाचा किंवा पालकांचा नव्हे.

मुलींच्या सुरक्षिततेचा विषय आपल्या वृत्तपत्रांत स्पर्धांच्या संदर्भात क्वचितच येतो, म्हणून तो मी मुद्दाम मांडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयी न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जिम्नॅस्टिक्सविषयीच्या चौकशी अहवालात वजनावरून होणारा अपमान, दुखापत असताना करून घेतला जाणारा सराव आणि मुलांवर ओरडण्याची रूढ झालेली पद्धत यांची नोंद आहे. आपल्याकडे सगळे आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही. एका दिवसाच्या स्पर्धेत यजमान सगळे बदलू शकत नाहीत, पण काही गोष्टी त्यांच्या हातात नक्की असतात. मुलींसाठी कडी लागणारी, आत पाणी असलेली कपडे बदलण्याची खोली. सॅनिटरी पॅड मागितल्यावर लगेच देणारी एक स्वयंसेविका. तपासणी किंवा मालिश बंद खोलीत न करण्याचा नियम. आणि तक्रार कोणाकडे करायची त्या महिला अधिकाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत भिंतीवर. २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार अशा अत्याचाराची घटना माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे, हे संयोजकांच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवावे.

पोशाखाचेही असेच आहे. लहान गावांतल्या कितीतरी चांगल्या मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की खेळ सोडतात, आणि घरचे कारण विचारले तर ‘ते कपडे’ एवढेच उत्तर येते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय नियमांना घोट्यापर्यंतचा पोशाख चालतो. २०२१ मध्ये युरोपीय स्पर्धेत आणि त्यानंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या महिला तो घालून खेळल्या. स्पर्धेच्या परिपत्रकात ‘पूर्ण लांबीचा पोशाख चालेल, गुण वजा होणार नाहीत’ असे एक वाक्य छापले तर काही मुली खेळात टिकतील, अशी माझी खात्री आहे. छायाचित्रणावर मात्र बंधन हवे. फ्लॅश तर पूर्ण बंद, कारण बार सुटून पुन्हा पकडण्याच्या क्षणी डोळ्यांवर आलेला प्रकाश हाताला चकवतो. आणि मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याने आपले नाव नोंदवून बिल्ला घ्यावा. कोणाचीही मुलगी कोणाच्याही रीलमध्ये जाऊ नये.

अगदी लहान, आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या गटाबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही, तरी सांगते. नॉर्वेमध्ये अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत निकालाची क्रमवारी लावत नाहीत; मुले खेळतात आणि बक्षीस द्यायचेच असेल तर ते सगळ्यांना देतात. आपल्याकडे या वयात पहिल्या तीन क्रमांकांसाठी चषक असतात आणि चौथ्या क्रमांकाचे मूल रडत असते, तर त्याचे वडील पंचांशी वाद घालत असतात. या गटासाठी क्रमांक काढूच नयेत; ठरलेल्या गुणांच्या वर गेलेल्या प्रत्येकाला सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य श्रेणीचे प्रमाणपत्र द्यावे. चषकांवरचा खर्च वाचेल, तो गाद्यांसाठी वापरता येईल.

प्रेक्षकांना खेळ कळावा यासाठी निवेदक हवा, आणि तो जिम्नॅस्टिक्स जाणणारा हवा. ‘आता अमुक शाळेची अमुक खेळाडू’ एवढे न सांगता ही कोणती उडी घेणार आहे, ती का कठीण आहे, बीमवर दुसऱ्यांदा वाजणारी घंटा म्हणजे काय, हे त्याने दोन रचनांच्या मधल्या वेळात सोप्या मराठीत सांगावे आणि खेळ सुरू झाला की गप्प बसावे. प्रत्येक गावात अशी माणसे असतात. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून शरीरशिक्षणाचे काम करीत आहेत. गावोगावच्या व्यायामशाळांतून मल्लखांबावर वाढलेले कितीतरी जण आज पन्नाशी-साठीत आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा दादरच्या शिवाजी पार्कवर झाली, तेव्हा परदेशी खेळाडूंच्या कसरतींना मुंबईकरांनी मनापासून टाळ्या दिल्या. खेळ जाणणारा प्रेक्षक आपल्याकडे आहे. जिम्नॅस्टिक्सच्या सभागृहात मात्र त्याला मान्यवरांच्या सोफ्यांमागे, साधनांपासून लांब बसवले जाते. सोफे काढून टाकावेत आणि पहिल्या रांगेत खेळाडूंच्या आजी-आजोबांना बसवावे, अशी माझी सूचना आहे. ती गमतीने केलेली नाही.

खर्चाचा प्रश्न येणारच. सभागृहाचे भाडे, साधनांची वाहतूक, पंचांचा प्रवास आणि भोजन यांतच बहुतेक यजमानांचे अंदाजपत्रक संपते आणि ते प्रवेश शुल्क वाढवतात, ज्याचा भार पुन्हा गरीब मुलांवर पडतो. यावर एक मार्ग असा की, शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांनी साधने एकाच ठिकाणी ठेवून आळीपाळीने तिथेच स्पर्धा घ्याव्यात. साधने हलवण्यात त्यांचे जे नुकसान होते ते टळेल आणि मापे चुकण्याची शक्यताही कमी होईल. ज्या वर्षी आपली पाळी नसेल त्या वर्षी त्या जिल्ह्याने स्वयंसेवक आणि पंच पुरवावेत. पुण्याच्या बालेवाडीसारखे संकुल, जिथे १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा आणि २०१९ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, प्रत्येक विभागात उभे राहणार नाही. पण तीन जिल्ह्यांत मिळून एक नीट मांडलेले सभागृह असणे अशक्य नाही. क्रीडा विभागाने यासाठी परिपत्रक काढावे अशी विनंती मी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना वेगळी पाठवत आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. यंदा जिम्नॅस्टिक्स स्पर्धेची बातमी छापताना पहिल्या सहा खेळाडूंची नावे, शाळा आणि प्रत्येक साधनावरील गुण छापावेत, आणि उद्घाटनाच्या छायाचित्राऐवजी, खेळाडूच्या पालकांची परवानगी घेऊन, एखाद्या रचनेचे छायाचित्र द्यावे. क्रिकेटच्या तालुका पातळीवरील सामन्याचा धावफलक आपण छापता, त्याहून हा तक्ता मोठा होणार नाही. गुणपत्रक त्याच संध्याकाळी आपल्या बातमीदाराच्या हाती देण्याची जबाबदारी यजमानांनी घ्यायची आहे, आणि ते मिळाले नाही तर ‘गुणपत्रक उपलब्ध करून देण्यात आले नाही’ एवढे वाक्य बातमीत जरूर लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, ठाणे